भौगोलिक पर्यायव्यवस्था : मुख्य व राखीव सर्व्हरची पूर्वतयारी – महाविद्यालयीन माहितीव्यवस्थेच्या संदर्भात

प्रस्तावना

दिनांक २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती पाचव्या व सहाव्या मजल्यापर्यंत पसरली. या दुर्घटनेत पाच जणांचे प्राण गेले व अनेक विभागांच्या कागदी फायली भस्मसात झाल्या. ज्या कागदाची प्रत अन्यत्र, एखाद्या जिल्हा कार्यालयात वा संबंधित व्यक्तीकडे होती, तो पुन्हा उभा करणे शक्य होते. ज्याची प्रत त्याच दालनात होती, तो मात्र प्रतीसह गेला.

त्यानंतर तेरा वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, संगणकीकरणात जगात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या दक्षिण कोरियात याच प्रकारची घटना घडली. देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि ७०९ शासकीय संगणकप्रणाली बंद पडल्या. शासकीय कर्मचाऱ्यांचे दस्तऐवज ज्या 'जी-ड्राइव्ह' नामक व्यवस्थेत साठविले जात, तिच्यातील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची प्रत केंद्राबाहेर कोठेही नव्हती. कागद जाऊन संगणक आला. परंतु सर्व काही एकाच ठिकाणी ठेवण्याची सवय गेली नाही, हे या दोन घटना एकत्र ठेवल्यावर स्पष्ट होते.

महाविद्यालयांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. प्रवेश, शुल्क, हजेरी, अंतर्गत मूल्यमापन, वेतन, ग्रंथालय इत्यादींच्या नोंदी आता प्रामुख्याने संगणकावर असतात. दहा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी नोकरीसाठी किंवा परदेशी शिक्षणासाठी आपल्या गुणांचा तपशील मागण्यास येतो, तेव्हा त्याचे भवितव्य एका खोलीतील एका यंत्रावर अवलंबून असू शकते. "बॅकअप घेतलेला आहे" हे उत्तर अशा वेळी पुरेसे नसते. तो कोठे आहे, अखेरचा कधी घेतला आणि त्यावरून काम सुरू करून कोणी पाहिले आहे काय, हे पुढचे प्रश्न अधिक महत्त्वाचे असतात.

प्रस्तुत लेखात मुख्य व राखीव सर्व्हर दोन भिन्न ठिकाणी ठेवण्याच्या व्यवस्थेचे, म्हणजेच भौगोलिक पर्यायव्यवस्थेचे, विवेचन केले आहे. दुसरे ठिकाण खरोखर वेगळे आहे काय, दोन्ही ठिकाणची माहिती एकरूप आहे काय, आणि प्रसंगी दुसरे ठिकाण चालू करण्याचा अधिकार व सराव कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांभोवती हे विवेचन केंद्रित आहे.

१. संकल्पनांतील भेद

या विषयात तीन गोष्टींची वारंवार गल्लत होते. पहिली गोष्ट बॅकअप. विशिष्ट वेळी माहितीची जी स्थिती होती तिची स्वतंत्रपणे जपलेली नक्कल म्हणजे बॅकअप होय. दुसरी गोष्ट प्रतिकृती. मुख्य सर्व्हरवर होणारा प्रत्येक बदल दुसऱ्या यंत्रावर सतत उमटत राहिला, तर त्या दुसऱ्या साठ्याला प्रतिकृती म्हणतात. तिसरी गोष्ट राखीव सर्व्हर. मुख्य सर्व्हर बंद पडताच त्याचे काम प्रत्यक्ष हाती घेऊ शकेल असे सिद्ध यंत्र म्हणजे राखीव सर्व्हर. त्यावर प्रतिकृती असतेच, शिवाय आज्ञावली, परवाने, जाळ्याची जोडणी आणि वापरकर्त्यांची ओळखव्यवस्थाही असावी लागते.

या तिन्हींपैकी एक असल्याने इतर दोहोंची गरज संपत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याने चुकून एका वर्षाच्या सर्व नोंदी पुसल्या, तर प्रतिकृतीवरूनही त्या काही क्षणांत पुसल्या जातात. प्रतिकृती आज्ञाधारक असते. ती चुकीची आज्ञाही तितक्याच तत्परतेने पाळते. खंडणीखोर आज्ञावलींच्या हल्ल्यातही हाच धोका संभवतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये असा हल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णालयाचे बरेचसे काम सुमारे दोन आठवडे कागदावर चालले. हल्ल्यापासून अलिप्त राहिलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून माहिती परत मिळविण्यात आली. या प्रसंगी उपयोगी पडली ती प्रतीची अलिप्तता.

म्हणूनच माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी किमान एक अन्य ठिकाणी, हा नियम जगभर प्राथमिक मानला जातो. त्यात आता आणखी एका अटीची भर पडली आहे : किमान एक प्रत अशी असावी की जाळ्यातून कोणालाही तिच्यात बदल करता येऊ नये.

२. 'वेगळे ठिकाण' म्हणजे काय?

दोन ठिकाणांतील अंतर किलोमीटरांत मोजणे सोपे असते. परंतु एकाच कारणाने दोन्ही ठिकाणे बंद पडू शकतात काय, हा खरा निकष आहे. नागपूरलगतच्या वाडीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

समजा, वाडी येथील एका महाविद्यालयाचा मुख्य सर्व्हर त्याच्याच इमारतीत आहे आणि राखीव सर्व्हर संस्थेच्या सीताबर्डीतील कार्यालयात तळमजल्यावर ठेवला आहे. आग किंवा चोरी यांचा विचार केल्यास ही दोन ठिकाणे निःसंशय वेगळी आहेत. परंतु नाग नदीचा उगम वाडीजवळच्या लाव्हा परिसरातील टेकड्यांत होतो. तेथील पाणी अंबाझरी तलावात येते आणि पुढे धरमपेठ व सीताबर्डी भागांतून शहरात शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी ज्या पावसाने वाडीतील वीज अथवा जोडणी खंडित होऊ शकली असती, त्याच पावसाचे पाणी सीताबर्डीतील तळमजल्यात शिरू शकले असते. नकाशावर वेगळी दिसणारी ही दोन ठिकाणे पाण्याच्या दृष्टीने एकाच खोऱ्यात आहेत.

अंतर अगदीच कमी असेल तर काय होते, हे फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे दिसून आले. १० मार्च २०२१ रोजी 'ओव्हीएच' या कंपनीच्या तेथील आवारात आग लागून एक संपूर्ण डेटा सेंटर नष्ट झाले आणि शेजारच्या इमारतीलाही झळ पोहोचली. बॅकअप त्याच आवारात असलेल्या ग्राहकांची माहिती कायमची गेली.

अंतर वाढविल्यावरही सामाईक कारणे तपासावीच लागतात. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजजाळ्यातील बिघाडामुळे मुंबई महानगराचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला. मुंबईतील मुख्य सर्व्हर आणि ठाण्यातील राखीव सर्व्हर ही जोडी या दोन्ही प्रसंगी विश्वासार्ह ठरली नसती.

भूकंपाचा विचार आणखी सावधपणे करावा लागतो. भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीतील नकाशानुसार नागपूर दुसऱ्या, मुंबई व पुणे तिसऱ्या, तर कोयना परिसर चौथ्या भूकंपप्रवण क्षेत्रात येतो. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो भाग तत्कालीन नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित, क्षेत्रात होता. २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. धोक्याचे नकाशे हे त्या काळच्या ज्ञानाचे चित्र असते. त्यामुळे केवळ 'सुरक्षित' ठिकाण शोधण्यापेक्षा परस्परांपासून स्वतंत्र अशी दोन ठिकाणे निवडणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

दुसरे ठिकाण निवडताना पुढील बाबी दोन्हीकडे समान आहेत काय, याची लेखी तपासणी करावी : नदीचे खोरे, वीज उपकेंद्र, इंटरनेट पुरविणारी कंपनी, त्या कंपनीच्या केबलचा रस्ता, देखभाल करणारी व्यक्ती आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड. शेवटच्या दोन बाबी भौगोलिक नाहीत. तथापि एकाच पासवर्डने उघडणारे दोन सर्व्हर हल्लेखोराच्या दृष्टीने एकाच ठिकाणी असतात.

३. माहितीची एकरूपता

ठिकाण निश्चित झाल्यावर दोन्हीकडची माहिती सारखी कशी ठेवावी, हा प्रश्न उभा राहतो. मराठीच्या अभ्यासकांना या प्रश्नाचे स्वरूप अपरिचित नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर येथे सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्राच्या काळात नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ टिकला तो पंथीयांच्या स्मरणामुळे. अनेकांच्या ठायी असल्याने तो एका प्रतीबरोबर नष्ट झाला नाही. मात्र तो पुन्हा लिहिला गेला तेव्हा निरनिराळे पाठ निर्माण झाले आणि पाठचिकित्सेचे काम पुढील पिढ्यांवर येऊन पडले. अनेक ठिकाणी जतन केल्याने ग्रंथ वाचतो. त्याबरोबर पाठभेदही येतात. संगणकीय प्रतिकृतींचाही हाच अनुभव आहे.

पाठभेद टाळण्याच्या दोन पद्धती आहेत. समकालिक पद्धतीत एखादी नोंद राखीव सर्व्हरवर पोहोचल्याची पोच मिळेपर्यंत मुख्य सर्व्हर ती पूर्ण झाल्याचे सांगत नाही. यात माहिती हरवण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. पण प्रत्येक नोंदीस पोच येईपर्यंतचा विलंब सहन करावा लागतो. विलंबित पद्धतीत मुख्य सर्व्हर नोंद स्वीकारून पुढे जातो आणि ती मागाहून राखीव सर्व्हरकडे पाठविली जाते. यात वेग मिळतो. परंतु मुख्य सर्व्हर अकस्मात नष्ट झाल्यास अखेरच्या काही नोंदी हरवतात.

या विलंबाचा हिशेब करता येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. नागपूर ते मुंबई हे अंतर सरळ रेषेतही साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक आहे. केबल वळणावळणाने जाते, म्हणून ती ९०० किलोमीटर धरू. संदेश जाऊन पोच परत येण्यास १,८०० किलोमीटरांचा प्रवास, म्हणजे ९ मिलिसेकंद लागतील. मधल्या यंत्रांचा वेळ निराळा. सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्या शेअर बाजारास हा विलंब फार मोठा आहे. महाविद्यालयाच्या प्रवेशकक्षास तो जाणवणारही नाही.

तरीही महाविद्यालयाने विलंबित पद्धतच निवडणे इष्ट असते. त्याचे कारण जोडणीच्या भरवशात आहे. काटेकोर समकालिक पद्धतीत मधली जोडणी तुटली की मुख्य सर्व्हरही पोच न मिळाल्यामुळे थांबतो. रस्त्याकडेच्या खोदकामात केबल तुटणे ही आपल्याकडील नित्याची बाब असताना, राखीव व्यवस्थेमुळेच मुख्य व्यवस्था बंद पडण्याचा विपरीत प्रकार घडू शकतो. विलंबित पद्धत स्वीकारून प्रतिकृती किती मागे आहे याचे सतत निरीक्षण करणे आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे ती मागे पडल्यास संबंधितांना सूचना जाणे, ही व्यवस्था पुरेशी ठरते.

४. दोन मर्यादांचा निर्णय

कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी संस्थेने दोन आकडे निश्चित केले पाहिजेत. सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलेली चालेल, ही पहिली मर्यादा. जास्तीत जास्त किती वेळाच्या नोंदी हरवलेल्या चालतील, ही दुसरी मर्यादा. सेबीने २०२१ मध्ये शेअर बाजारांसारख्या संस्थांसाठी या मर्यादा अनुक्रमे ४५ मिनिटे व १५ मिनिटे ठरविल्या. तसेच बिघाडानंतर अर्ध्या तासात आपत्ती घोषित करण्याचे बंधन घातले. राखीव केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात आणि ते शक्य नसल्यास किमान ५०० किलोमीटर अंतरावर असावे, असाही सेबीचा दंडक आहे.

महाविद्यालयाला इतक्या काटेकोर मर्यादांची गरज नाही. शिवाय सर्व सेवांना एकच मर्यादा लावणेही योग्य नाही. उदाहरणादाखल, प्रवेशाच्या दिवसांत प्रवेशप्रणाली चार तासांहून अधिक काळ बंद राहणे गैरसोयीचे ठरेल. तीच प्रणाली दिवाळीच्या सुटीत दोन दिवस बंद राहिली तरी हरकत नाही. ग्रंथालयाची देवघेव एक दिवस वहीवर होऊ शकते. गुणांच्या नोंदींबाबत सेवा बंद राहण्यास सवलत देता येईल. पण भरलेले गुण हरवणे मुळीच चालणार नाही. हे निर्णय शैक्षणिक व प्रशासकीय स्वरूपाचे आहेत. ते संगणक विभागावर न सोपविता प्राचार्य, परीक्षा विभाग, ग्रंथपाल व कार्यालय अधीक्षक यांनी एकत्र बसून घ्यावयास हवेत.

५. दोन्ही सर्व्हरची पूर्वतयारी

मर्यादा निश्चित झाल्यानंतर प्रत्यक्ष तयारीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

प्रथम, दोन्ही सर्व्हरवरील संचालन प्रणाली, डेटाबेस व वापरातील आज्ञावली यांच्या आवृत्त्या एकच असाव्यात. मुख्य सर्व्हर अद्ययावत करायचा आणि राखीव तसाच ठेवायचा, ही सर्वांत सामान्य चूक आहे. अद्ययावतीकरण आधी राखीव सर्व्हरवर करावे आणि काही दिवसांनी मुख्य सर्व्हरवर करावे. म्हणजे दोष असल्यास तो आधीच उघड होतो.

दुसरे, दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत. घड्याळांत काही मिनिटांचा फरक असला तरी कोणती नोंद आधीची हे ठरविणे अवघड होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र व राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या कालसेवांशी घड्याळे जुळविण्याचा निर्देश भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी दिला आहे. सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपण्याचेही त्यात बंधन आहे.

तिसरे, माहितीची ने-आण व साठवण कूटबद्ध असावी आणि तिची किल्ली माहितीपासून वेगळी ठेवावी. किल्ली केवळ मुख्य सर्व्हरवरच असेल, तर त्याच्यासोबत ती जाईल आणि हाती राहिलेली प्रत निरुपयोगी होईल.

चौथे, संकेतस्थळाचे नाव कोणत्या पत्त्याकडे न्यावयाचे, याची नोंद जगभरच्या यंत्रांत ठरावीक मुदतीपर्यंत स्मरणात राहते. ही मुदत चोवीस तासांची असेल, तर राखीव सर्व्हर दहा मिनिटांत सुरू करूनही काही वापरकर्ते दिवसभर बंद सर्व्हरचेच दार ठोठावत राहतील. म्हणून ही मुदत आधीपासूनच पाच-दहा मिनिटांपर्यंत खाली आणून ठेवावी. आपत्तीच्या दिवशी ती बदलून उपयोग नसतो.

पाचवे, दोन्ही सर्व्हर एकाच वेळी 'मुख्य' होणार नाहीत, याची काळजी घ्यावी. मधली जोडणी तुटली आणि राखीव सर्व्हरने मुख्य सर्व्हर बंद पडला असे समजून काम हाती घेतले, तर दोन्हीकडे नव्या नोंदी होऊ लागतात. एकच प्रवेशक्रमांक दोन विद्यार्थ्यांना दिला जातो आणि पाठभेद सुरू होतो. मोठ्या व्यवस्थांमध्ये यासाठी तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार यंत्र ठेवतात. तिघांपैकी दोघांचे एकमत ज्याच्या बाजूने, तोच मुख्य, असा पंचनिवाडा त्याद्वारे होतो. लहान संस्थेने हे स्वयंचलित न ठेवता मनुष्याच्या निर्णयावर सोपविणे अधिक सुरक्षित. मात्र निर्णयापूर्वी मुख्य सर्व्हर खरोखर बंद केल्याची खात्री करावी.

सहावे, परतीचा मार्गही लिहून ठेवावा. राखीव सर्व्हरवर दोन दिवस काम चालल्यानंतर त्या दोन दिवसांच्या नोंदी दुरुस्त झालेल्या मुख्य सर्व्हरवर आणाव्या लागतात. जाण्याचा मार्ग आखला आणि येण्याचा आखला नाही, तर माहिती परतीच्या वाटेवर हरवते.

सर्व्हर ज्या खोलीत असतो तिचाही विचार आवश्यक आहे. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बॅटरीमुळे सर्व्हर चालू राहिला आणि वातानुकूलन मात्र वीज गेल्याने बंद पडले, तर बंद खोलीत यंत्र स्वतःच्याच उष्णतेने थांबते. म्हणून जनित्रावर केवळ संगणक न जोडता वातानुकूलनही जोडावे.

६. सराव आणि निर्णय : मुंबईतील एक धडा

उत्तम साधने असूनही व्यवस्था कशी अपुरी ठरू शकते, याचे ठळक उदाहरण मुंबईतच मिळते. राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्य केंद्र मुंबईत, त्याला जोडलेले एक जवळचे केंद्र मुंबईतच आणि दूरचे आपत्ती केंद्र चेन्नईत होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तेथील व्यवहार थांबले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि बाजार पाच वाजेपर्यंत चालविण्यात आला.

बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मुख्य व जवळच्या केंद्रांमधील जोडण्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. तथापि दोन केंद्रांमधील रस्त्यालगत चाललेल्या खोदकाम व बांधकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या अस्थिर झाल्या. त्याचा परिणाम म्हणून माहिती साठविणारी यंत्रणा अनपेक्षितपणे प्रतिसादशून्य झाली आणि व्यवहारांतील जोखमीवर लक्ष ठेवणारी प्रणाली बंद पडली. जोखीम मोजता येत नसताना व्यवहार चालू ठेवणे शक्य नव्हते.

या प्रसंगातून दोन बोध मिळतात. कंपन्या दोन होत्या, पण रस्ता एक होता. वर सांगितलेल्या सामाईक कारणाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. सेबीने त्याच दिवशी बिघाडाच्या कारणांबरोबरच व्यवहार आपत्ती केंद्राकडे का हलविले नाहीत, याचेही स्पष्टीकरण मागितले. दूरचे केंद्र उपलब्ध असताना सुमारे चार तास ते वापरले गेले नव्हते. सेवा अंशतः चालू आणि अंशतः बंद असते, दुरुस्ती 'थोड्याच वेळात' होईल असे वाटते, आणि स्थलांतर करावे की थांबावे, या द्विधेत वेळ निघून जातो. संपूर्ण विनाशापेक्षा असा अर्धवट बिघाडच निर्णयाची अधिक कसोटी पाहतो.

सेबीने त्यानंतर महिन्याभरातच आपत्ती घोषित करण्यास अर्ध्या तासाची मर्यादा घातली, ती या पार्श्वभूमीवर समजून घेता येते. पुढे २ मार्च २०२४ व १८ मे २०२४ या दोन शनिवारी राष्ट्रीय शेअर बाजाराने विशेष सत्रे घेतली. त्यांत दिवसाचा पहिला भाग मुख्य केंद्रावरून आणि दुसरा भाग आपत्ती केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहारांसह चालविण्यात आला. हा सराव लुटुपुटूचा नव्हता. खरे गुंतवणूकदार व खरे पैसे त्यात होते.

महाविद्यालयानेही वर्षातून किमान दोनदा असा सराव करावा. परीक्षा व प्रवेशाचा काळ वगळून एक कामाचा दिवस निवडावा, मुख्य सर्व्हर बंद करावा आणि त्या दिवसाचे सर्व कामकाज राखीव सर्व्हरवरून चालवावे. किती वेळ लागला, कोणती सेवा सुरू झाली नाही, कोणता पासवर्ड कोणालाच आठवला नाही, हे लिहून ठेवावे. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. आग विझविण्याचे शिक्षण केवळ पुस्तकातून पूर्ण होत नाही, त्यासाठी कवायत लागते, हे नागपूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. सर्व्हरच्या बाबतीतही तेच खरे आहे.

त्याचप्रमाणे स्थलांतराचा निर्णय कोणी घ्यावा, ती व्यक्ती उपलब्ध नसल्यास कोणी घ्यावा आणि किती वेळ वाट पाहून घ्यावा, हे एका पानावर लिहून ते पान कागदावर छापून ठेवावे. बंद पडलेल्या सर्व्हरमध्ये जपलेली आपत्कालीन सूचनापत्रिका कोणाच्याही उपयोगाची नसते.

७. मर्यादित साधनांतील व्यवस्था

हे सर्व खर्चिक असल्याचा आक्षेप घेतला जातो. त्याची छाननी आकड्यांनी करणे बरे. तीन हजार विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात छायाचित्र व कागदपत्रांसह प्रत्येकी २ मेगाबाइट माहिती धरली, तर एकूण ६ गिगाबाइट होते. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या साध्या जोडणीवरून ती दूरच्या सर्व्हरवर पाठविण्यास सुमारे ८० मिनिटे लागतील. त्यानंतर केवळ रोजचे बदल पाठवावयाचे असतात. ते २०० मेगाबाइट धरले, तरी तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागेल. मूलभूत नोंदींचा आकार आज अडथळा राहिलेला नाही.

दूरच्या ठिकाणी स्वतःची खोली व यंत्र घेण्याचीही आवश्यकता नाही. ॲमेझॉनची भाड्याची सर्व्हरसेवा २०१६ पासून मुंबईत व २०२२ पासून हैदराबादेत, तर मायक्रोसॉफ्टची २०१५ पासून पुणे, चेन्नई व मुंबई येथे उपलब्ध आहे. वाडीतील महाविद्यालयाचा मुख्य सर्व्हर स्वतःच्या इमारतीत, प्रतिकृती यांपैकी एखाद्या शहरात आणि महिन्याकाठी घेतलेली एक कूटबद्ध प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, अशी तीनपदरी रचना सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यात येऊ शकते.

आणखी एक मार्ग सहकाराचा आहे. विदर्भातील एक महाविद्यालय आणि कोकणातील वा दक्षिण महाराष्ट्रातील एक महाविद्यालय यांनी परस्परांच्या कूटबद्ध प्रती आपापल्याकडे ठेवाव्यात. किल्ली ज्याची त्याच्याकडेच राहत असल्याने माहितीची गोपनीयता अबाधित राहते. मात्र डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ विचारात घेता, विद्यार्थ्यांच्या माहितीची जबाबदारी मूळ संस्थेकडेच राहते. म्हणून असा करार लेखी व स्पष्ट असावा.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. दोन ठिकाणांमधील किलोमीटरांपेक्षा त्यांच्यातील सामाईक कारणांचा अभाव महत्त्वाचा आहे. एकच खोरे, एकच वीजजाळे, एकच रस्ता किंवा एकच पासवर्ड असलेली दोन ठिकाणे प्रत्यक्षात एकच ठरतात.

२. प्रतिकृती बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही आवश्यक असून किमान एक प्रत जाळ्यापासून अलिप्त असली पाहिजे.

३. सेवाखंड व माहितीहानी यांच्या मर्यादा ठरविणे हे प्रशासकीय कर्तव्य असून ते यंत्रखरेदीच्या आधी पार पाडावयास हवे.

४. ज्या राखीव सर्व्हरवरून एकही दिवस प्रत्यक्ष काम चालविलेले नाही, तो सज्ज आहे असे मानता येत नाही.

५. निर्णयाचा अधिकार, पर्यायी अधिकारी व वेळेची मर्यादा लेखी नसल्यास सुसज्ज राखीव केंद्रही उपयोगात येत नाही.

विद्यार्थी आपली कागदपत्रे, गुण व छायाचित्र महाविद्यालयाच्या स्वाधीन करतो, तेव्हा ती कोठे ठेवली जातात हे तो विचारत नाही. त्या नोंदी किती ठिकाणी आहेत, त्या ठिकाणांना एकत्र बाधित करील असे काही आहे काय, आणि त्या परत मिळविण्याचा प्रयोग अखेरचा कधी केला, ही तीन उत्तरे प्रत्येक महाविद्यालयाजवळ तारखेसह लिहिलेली असावीत.